आपल्याच गावाकडून हरलेला विश्वविजेता

22 जून 1974. हॅम्बुर्गचं फोल्क्सपार्क स्टेडियम, साठ हजार प्रेक्षक. वर्ल्ड कपच्या गटसाखळीतला शेवटचा सामना, स्कोअर अजून 0-0. 77 व्या मिनिटाला एरिक हामानने उजवीकडून एक लांब पास मारला. युर्गेन स्पारवासर धावत आला, चेंडू त्याच्या तोंडावर आपटून पुढे पडला आणि त्या एका उसळीने समोरचे बचावपटू चकले. पुढच्या क्षणी गोलरक्षक सेप मायर जमिनीवर होता आणि चेंडू जाळ्यात.

पूर्व जर्मनी 1, यजमान पश्चिम जर्मनी 0.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली. 1949 मध्ये दोन देश उभे राहिले. पश्चिमेला भांडवलशाही, अमेरिकेच्या गोटातलं. पूर्वेला कम्युनिस्ट, सोव्हिएत छायेतलं. 41 वर्षं हे दोन देश शेजारी नांदले, पण त्यांचे मुख्य फुटबॉल संघ एकमेकांशी खेळले फक्त एकदा. तो हा सामना. भारत-पाकिस्तान आजवर क्रिकेटचा एकच सामना खेळले असते आणि तो वर्ल्ड कपमध्ये असता, तर त्या नव्वद मिनिटांवर किती ओझं असतं याची कल्पना करा.

पश्चिम जर्मनीच्या बाकावर त्या दिवशी 58 वर्षांचा एक उंच माणूस होता. डोक्यावर कायम सपाट टोपी घालायचा, म्हणून सगळा देश त्याला ‘टोपीवाला’ म्हणून ओळखायचा. नाव हेल्मुट शोन. त्याचा जन्म ड्रेस्डेनचा. तो शाळेत गेला ड्रेस्डेनला, फुटबॉल शिकला ड्रेस्डेनला, जर्मनीचा चॅम्पियन झाला तोही ड्रेस्डेनकडून खेळून. आणि ड्रेस्डेन आता समोरच्या संघाच्या देशात होतं. त्या संघातला हान्स-युर्गेन क्राइशे ड्रेस्डेनचाच, आणि त्याचे वडील हान्स क्राइशे एकेकाळी शोनसोबत एकाच संघातून खेळले होते.

जुन्या सहकाऱ्याचा मुलगा त्याच्याविरुद्ध खेळत होता आणि जिंकला होता. पंधरा दिवसांनी, 7 जुलैला, हाच शोन वर्ल्ड कप जिंकणार होता. तरीही त्याची गोष्ट सांगायची तर ती या पराभवापासूनच सांगावी लागते, कारण तो माणूस काय होता आणि का तसा होता, हे इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

लंबू

शोनचा जन्म 15 सप्टेंबर 1915 चा. वडील कलावस्तूंचे व्यापारी. घर सुशिक्षित मध्यमवर्गीय, आणि शहर असं की युरोपभरातून लोक तिथली चित्रं आणि इमारती बघायला यायचे. अशा घरातल्या मुलाने गल्लीतल्या पोरांबरोबर चेंडूमागे धावणं फारसं प्रतिष्ठेचं नव्हतं. पण पोरगा धावला.

1930 च्या आसपास ड्रेस्डेनमध्ये एक इंग्रज प्रशिक्षक काम करत होता, जिमी होगन. फुटबॉलच्या इतिहासात होगनचं स्थान मजेशीर आहे. त्याच्या मायदेशात त्याला फारसं कुणी विचारलं नाही, पण ऑस्ट्रिया, हंगेरी आणि जर्मनीत तो गुरू मानला गेला. 1953 मध्ये हंगेरीने इंग्लंडला वेम्बलीवर 6-3 असं धुतलं, तेव्हा हंगेरीच्या लोकांनी श्रेय दिलं ते होगनला. चेंडू उंच भिरकावून त्यामागे पळू नका, तो जमिनीवर ठेवा, जवळचा पास द्या, डोकं वापरा, ही त्याची शिकवण. आणि तो नुसतं सांगायचा नाही, स्वतः करून दाखवायचा. किशोरवयीन शोनवर या माणसाची छाप पडली ती कायमची. शिकवणाऱ्याने ओरडायची गरज नसते, हे त्याने बहुधा तिथेच पाहिलं.

शोन वाढला तो ताडमाड. सहकारी त्याला म्हणायचे ‘डेर लांगं’, म्हणजे आपल्या भाषेत लंबू. ड्रेस्डनर एस.सी. या क्लबच्या आघाडीच्या फळीत हा लंबू शक्तीपेक्षा युक्तीने खेळायचा. नोव्हेंबर 1937 मध्ये त्याला जर्मनीच्या संघात संधी मिळाली. पहिलाच सामना स्वीडनविरुद्ध, हॅम्बुर्गमध्ये. जर्मनी 5-0 ने जिंकली, त्यातले दोन गोल शोनचे. 1941 पर्यंत तो देशासाठी 16 सामने खेळला आणि त्याने 17 गोल केले. सामन्यामागे एकाहून जास्त गोल! गुडघ्याने छळलं नसतं आणि युद्ध झालं नसतं, तर हा आकडा कुठे गेला असता कोण जाणे.

पण युद्ध झालं. आणि तो ज्या जर्सीत खेळला तिच्या छातीवर स्वस्तिकाचं नाझी चिन्ह होतं. ही गोष्ट वगळून त्या पिढीच्या कुठल्याच जर्मन खेळाडूचं चरित्र सांगता येत नाही. सत्तेला फुटबॉल हवा होता, कारण मैदानं भरलेली असली की सगळं सुरळीत चालल्याचा भास होतो. त्यामुळे शहरं जळत असतानाही स्पर्धा चालू राहिल्या. ड्रेस्डनर एस.सी.ने 1940 आणि 1941 मध्ये जर्मन कप जिंकला, 1943 आणि 1944 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद. 1944 चा अंतिम सामना बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर झाला, तारीख 18 जून. दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून बारा दिवस झाले होते. ड्रेस्डेनने 4-0 असा विजय मिळवला.

ती ट्रॉफी घरी नेलेलं शहर आणखी आठ महिनेच तसं उभं राहणार होतं. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानं आली, दुसऱ्या दिवशी अमेरिकन. जुनं ड्रेस्डेन राख झालं. इतिहासकारांच्या समितीने पुढे अनेक वर्षांनी मोजदाद केली, तेव्हा मृतांचा आकडा पंचवीस हजारांपर्यंत गेला.

मॅच संपली, क्लबही संपला

युद्ध संपलं आणि ड्रेस्डेन सोव्हिएत लष्कराच्या ताब्यात आलं. डिसेंबर 1945 मध्ये दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने नाझी काळातल्या सगळ्या क्रीडासंस्था बरखास्त केल्या. ड्रेस्डनर एस.सी. कागदावर संपला. खेळाडू मात्र होतेच. ते ज्या भागातल्या मैदानावर खेळायचे त्या भागाचं नाव फ्रीडरिखश्टाट, म्हणून नव्या संघाचं नावही तेच पडलं. शोन त्याचा खेळाडू आणि प्रशिक्षक, दोन्ही होता. सोव्हिएत विभागाच्या निवडक संघाची जबाबदारीही त्याच्याकडे आली होती. म्हणजे परिस्थिती थोडी वेगळी असती, तर हाच माणूस पूर्व जर्मनीचा राष्ट्रीय प्रशिक्षक झाला असता आणि 1974 मध्ये हॅम्बुर्गला दुसऱ्या बाकावर बसला असता!

तसं झालं नाही, याला कारण ठरली ती 16 एप्रिल 1950 ची एक मॅच.

पूर्व जर्मनीत लीगचा पहिलाच मोसम होता. शेवटच्या दिवशी दोन संघांचे गुण सारखे: फ्रीडरिखश्टाट आणि हॉर्ख त्स्विकाऊ. विजेता ठरणार होता तो या दोघांच्या सामन्यात, ड्रेस्डेनच्या मैदानावर. त्स्विकाऊ हा मोटारींच्या राष्ट्रीयीकृत कारखान्याचा संघ, म्हणजे नव्या कामगारांच्या राज्याला शोभणारा. फ्रीडरिखश्टाट हे जुन्या, ‘बूर्झ्वा’ क्लबचं शेपूट. सत्ताधाऱ्यांना कोण जिंकायला हवं होतं हे सांगायला नको. पक्षाचा नेता वाल्टर उलब्रिख्ट स्वतः मैदानात हजर होता.

साठ हजार लोक. फ्रीडरिखश्टाटने पहिला गोल केला आणि त्यानंतर त्स्विकाऊच्या खेळाडूंनी जी धसमुसळी सुरू केली, तिच्याकडे पंचाने दुर्लक्ष केलं. फ्रीडरिखश्टाटचे खेळाडू एकेक करून जखमी होऊन बाहेर जात राहिले, आणि त्या काळी बदली खेळाडूंची आजच्यासारखी सोय नव्हती. सामना संपला तेव्हा त्यांचा संघ अर्धामुर्धा उरला होता आणि स्कोअर होता 1-5. प्रेक्षक मैदानात घुसले.

निकालापेक्षा नंतरचं वाईट होतं. हा संघच बरखास्त करायचं ठरलं. खेळाडूंना दुसऱ्या संघात टाकून देण्याचा हुकूम निघाला, आपण कारकुनाची बदली करतो तसा. बर्लिनची भिंत अजून अकरा वर्षं दूर होती. बर्लिनमध्ये लोकल ट्रेनने पूर्वेकडून पश्चिमेला जाता यायचं. बहुतेक खेळाडू तसेच निघाले आणि पश्चिम बर्लिनच्या हेर्था या क्लबमध्ये दाखल झाले. शोनही निघाला. वय 34, गुडघा निकामी, मागे जळालेलं शहर आणि दोनदा बरखास्त झालेला क्लब.

फुटबॉल हा फुटबॉलच असतो, त्यात राजकारण आणू नये, असं आपण सहज म्हणून जातो. शोनच्या आयुष्यात राजकारण कुणी आणावं लागलं नाही, ते आधीपासून मैदानात येऊन बसलेलं होतं.

एका चिमुकल्या देशाचा कोच

हेर्थामध्ये तो थोडाच काळ टिकला. मग व्हीसबाडेनला प्रशिक्षक झाला आणि 1952 मध्ये त्याला एक विचित्र नोकरी मिळाली: झारलांडच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक.

झारलांड म्हणजे जर्मनी आणि फ्रान्सच्या सीमेवरचा कोळशाच्या खाणींचा पट्टा. युद्धानंतर फ्रान्सने तो जर्मनीपासून तोडून स्वतःच्या छत्राखाली ठेवला होता. लोकसंख्या जेमतेम दहा लाखांच्या घरात, भाषा जर्मन, आणि फिफाचं स्वतंत्र सदस्यत्व! म्हणजे त्या काळात फुटबॉलच्या नकाशावर तीन जर्मनी होते. शोन हा असा माणूस की ज्याने या तिन्हींमध्ये संघ सांभाळले.

1954 च्या वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत नशिबाने झारलांडला गट मिळाला तो पश्चिम जर्मनी आणि नॉर्वेचा. झारलांडने ओस्लोला जाऊन नॉर्वेला 3-2 ने हरवलं. पश्चिम जर्मनीविरुद्ध ते दोन्ही सामने हरले, 0-3 आणि 1-3. तरीही नॉर्वेला मागे टाकून गटात दुसरे आले. एका जिल्ह्याएवढ्या देशासाठी हे कमी नव्हतं. गटातून पुढे गेलेल्या पश्चिम जर्मनीने त्याच वर्षी बर्नमध्ये हंगेरीला हरवून वर्ल्ड कप जिंकला.

त्या विजेत्या संघाचा प्रशिक्षक होता सेप हर्बर्गर. शोन खेळाडू म्हणून त्याच्याच हाताखाली खेळला होता. 1955 मध्ये झारलांडच्या जनतेने सार्वमतात फ्रान्सच्या छत्राखालची व्यवस्था नाकारली, तो प्रदेश जर्मनीत विलीन होणार हे ठरलं, आणि 1956 मध्ये शोन हर्बर्गरचा सहायक झाला. खेळाडू म्हणून ज्याचे क्लब सरकारने मोडले, त्याचा हा देशच आता नकाशावरून जात होता. या वेळी निदान लोकांच्या मताने.

‘बॉस’नंतर

हर्बर्गरला सगळे ‘शेफ’ म्हणायचे, म्हणजे बॉस. त्याचा शब्द अखेरचा. आठ वर्षं सहायक राहून 1964 मध्ये शोन त्याच्या जागी आला, तेव्हा अनेकांना हा माणूस फार मऊ वाटला. तो खेळाडूंशी चर्चा करायचा. निर्णय घ्यायला वेळ लावायचा. टीका झाली की त्याला लागायची आणि ते चेहऱ्यावर दिसायचं. वर्तमानपत्रांना असा माणूस आयता सापडतो.

सुरुवातीलाच त्याने एक मोठा जुगार खेळला. सप्टेंबर 1965, स्टॉकहोम. वर्ल्ड कपला जायचं तर स्वीडनला त्यांच्या घरी हरवणं गरजेचं. शोनने टाचेच्या मोठ्या दुखापतीतून नुकत्याच उठलेल्या उवे झेलरला आघाडीवर उतरवलं आणि सोबत वीस वर्षांच्या एका पोराला पहिली कॅप दिली. त्या पोराचं नाव फ्रान्झ बेकेनबाउर. जर्मनी 2-1 ने जिंकली, विजयी गोल झेलरचा. मऊ माणसाचा हा निर्णय काही मऊ नव्हता.

1966 च्या अंतिम फेरीत वेम्बलीवर इंग्लंडने त्यांना जादा वेळेत 4-2 असं हरवलं. जेफ हर्स्टचा तो तिसरा गोल, बारला लागून खाली आपटलेला चेंडू रेषेच्या आत होता की बाहेर, यावर लोक अजून वाद घालतात. शोनच्या संघाने पराभव निमूटपणे स्वीकारला. युद्ध संपून जेमतेम एकवीस वर्षं झालेली. इंग्लंडमध्ये त्या शालीनतेची दखल घेतली गेली.

मग एक खड्डा आला. डिसेंबर 1967 मध्ये तिरानात अल्बेनियाशी 0-0 बरोबरी झाली आणि पश्चिम जर्मनी युरोपियन स्पर्धेबाहेर पडली. पात्रता फेरी खेळून मोठ्या स्पर्धेला मुकण्याची त्यांची ती एकमेव वेळ. शोनच्या राजीनाम्याची मागणी झाली. तो राहिला.

1970 च्या मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपआधी एक पेच होता. देशाचा लाडका झेलर आणि नवा गोलमशीन गेर्ड म्युलर, दोघेही सेंटर फॉरवर्ड. दोघांना एकत्र खेळवता येणार नाही, एकाला बसवा, असं जाणकार सांगत होते. शोनने दोघांना एकाच खोलीत राहायला दिलं आणि झेलरला थोडं मागे, मधल्या फळीकडे खेळायला राजी केलं. हुकूम देऊन 33 वर्षांचा कर्णधार मागे गेला असता, पण मनापासून खेळला नसता. म्युलरने त्या स्पर्धेत 10 गोल केले. उपांत्यपूर्व फेरीत 0-2 वरून इंग्लंडला 3-2 ने हरवलं, त्यात बरोबरीचा गोल झेलरचा होता आणि विजयी गोल म्युलरचा. पुढे उपांत्य फेरीत इटलीकडून 3-4 असा पराभव. खांदा निखळलेला बेकेनबाउर हात गळ्यात बांधून खेळत राहिला, तोच हा सामना.

दोन वर्षांनी जे घडलं त्याला जर्मन फुटबॉलचा सर्वांत सुंदर काळ म्हणतात. मागून बेकेनबाउर, मधून लांब केसांचा गुंटर नेट्झर, दोघे आलटूनपालटून पुढे सरकायचे आणि समोरच्यांना कुणाला धरावं कळायचं नाही. एप्रिल 1972 मध्ये त्यांनी इंग्लंडला वेम्बलीवर 3-1 ने हरवलं. ब्रसेल्समध्ये सोव्हिएत संघाला 3-0 ने हरवून ते युरोपचे विजेते झाले. तारीख 18 जून. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच तारखेला शोन ड्रेस्डेनकडून चॅम्पियन झाला होता. होगनने शिकवलेलं फुटबॉल होतं हे: चेंडू जमिनीवर, डोकं वर.

मालेंटे

आता 1974 कडे येऊ.

जानेवारीत फ्रँकफुर्टला वर्ल्ड कपचे गट ठरले. पश्चिम बर्लिनच्या गायकवृंदातला एक लहान मुलगा चिठ्ठ्या काढत होता. त्याच्या हाताला पूर्व जर्मनी लागली आणि तिची जागा ठरली ती यजमानांच्याच गटात. सभागृहात आधी शांतता पसरली, मग टाळ्या. त्याच महिन्यात तिकडे इंग्लंडमध्ये जिमी होगन वारला.

मे महिन्यात पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरने, विली ब्रांटने, राजीनामा दिला. कारण? त्याच्या कार्यालयातला एक विश्वासू सहायक पूर्व जर्मनीचा हेर निघाला होता. दोन जर्मनींमधली हवा ही अशी.

संघाचा मुक्काम होता उत्तरेला मालेंटेच्या क्रीडाशाळेत. तिथे आणखी एक लढाई पेटली, पैशांची. वर्ल्ड कप जिंकला तर बोनस किती? संघटना 30 हजार मार्क म्हणत होती, खेळाडू लाख मागत होते. शोनला हे सहनच होईना. देशासाठी खेळणं हाच मान, असं मानणाऱ्या पिढीतला तो. त्याने बॅगा भरल्या, सगळ्यांना घरी पाठवून दुसराच संघ उतरवण्याची भाषा केली. रात्रभर घासाघीस होऊन 70 हजारांवर तडजोड झाली. शोन थांबला, पण त्या रात्री त्याच्यातलं काहीतरी मोडलं असावं. आपण आणि ही मुलं वेगवेगळ्या जगांत राहतो, हे त्याला दिसलं होतं.

मग चिलीवर 1-0, ऑस्ट्रेलियावर 3-0. आणि मग हॅम्बुर्ग.

स्पर्धेच्या हिशेबात या सामन्याला फार अर्थ नव्हता, दोन्ही संघ पुढच्या फेरीत पोचलेच होते. उलट हरल्याचा फायदाच झाला. पूर्व जर्मनी गटात पहिली आली आणि जाऊन पडली हॉलंड, ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या गटात. पश्चिम जर्मनीला मिळाले युगोस्लाव्हिया, स्वीडन आणि पोलंड. आकडेमोड करणाऱ्याने पेढे वाटले असते.

शोन आकडेमोड करण्याच्या अवस्थेत नव्हता. तो कोसळला होता. ज्या व्यवस्थेने त्याचा संघ मोडला, ज्या उलब्रिख्टच्या डोळ्यांदेखत तो मोडला, त्या व्यवस्थेने आता जगासमोर त्याला हरवलं होतं. उलब्रिख्ट आदल्या वर्षी वारला होता, पण राज्य तेच होतं.

पुढची गोष्ट जर्मनीत अशी सांगतात: त्या रात्रीनंतर संघ शोनने नाही, बेकेनबाउरने चालवला. कर्णधाराने सहकाऱ्यांना फैलावर घेतलं, कुणाला काढायचं आणि कुणाला घ्यायचं हे त्यानेच ठरवलं, शोन नावापुरता उरला. यात तथ्य आहे. बेकेनबाउरचा शब्द त्यानंतर वाढला हे कुणी नाकारत नाही. युगोस्लाव्हियाविरुद्ध राइनर बोनहोफ आणि बेर्न्ड होल्झेनबाइन संघात आले, संघ 2-0 ने जिंकला, पुढे स्वीडनला 4-2 आणि पाण्याने भरलेल्या मैदानावर पोलंडला 1-0 ने हरवून अंतिम फेरीत गेला.

म्युनिकमध्ये समोर योहान क्रायफचा हॉलंड. एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागण्याआधी हॉलंडला पेनल्टी मिळाली आणि ते 1-0 ने पुढे गेले. 25 व्या मिनिटाला होल्झेनबाइन पेनल्टी क्षेत्रात पडला आणि पॉल ब्राइटनरने बरोबरी केली. 43 व्या मिनिटाला उजवीकडून बोनहोफने पास दिला आणि म्युलरने वळून गोल मारला. 2-1. दोन्ही गोलांच्या मुळाशी त्या पराभवानंतर संघात आलेली माणसं होती.

तर मग वर्ल्ड कप कुणाचा? बेकेनबाउरचा की शोनचा?

या प्रश्नात एक गृहीतक लपलेलं आहे: प्रशिक्षक म्हणजे सेनापती, आणि सेनापतीने दुसऱ्याचं ऐकलं तर तो कमी ठरतो. शोनने असे सेनापती भरपूर पाहिले होते. कोणी कुठल्या संघातून खेळायचं, कोणता क्लब जगेल आणि कोणता मरेल, हे वरून ठरवणारी दोन राज्यं त्याने अनुभवली होती. त्याने आयुष्यभर दुसरा रस्ता धरला. शहाणी माणसं गोळा करायची, त्यांना बोलू द्यायचं. जून 1974 मध्ये त्याची स्वतःची ताकद संपली, तेव्हा सूत्रं हातात घ्यायला एक माणूस तयार होता. त्या माणसाला वीस वर्षांचा असताना, सगळ्यात कठीण सामन्यात, संघात कुणी आणलं होतं? आणि कर्णधाराने तोंड उघडलं म्हणून त्याला घरी पाठवायचा मोह कुणी टाळला? खचलेल्या अवस्थेतही आपला अहंकार मध्ये न आणणं, हे वाटतं तितकं सोपं नसतं. ऑफिसात तुमच्या बॉसला जमतं का, बघा.

टोपी उतरली

या पद्धतीची एक मर्यादाही होती, ती पुढे उघडी पडली. संघात बोलणारी मोठी माणसं असतील तरच ती चालते.

1976 च्या युरोपियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत चेकोस्लोव्हाकियाशी 2-2 बरोबरी झाली. पेनल्टीत उली होनेसने चेंडू बारवरून आकाशात मारला आणि अँतोनीन पानेन्काने तो हळुवार उचलून जाळ्याच्या मधोमध टाकला. त्या चलाखीला आजही त्याचंच नाव आहे. 1978 मध्ये अर्जेंटिनाला जाताना बेकेनबाउर, म्युलर, ब्राइटनर यांपैकी कुणीच सोबत नव्हतं. शोनकडे सूत्रं द्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि स्वतः हाकायचा त्याचा पिंड नव्हता. संघ रडतखडत खेळला. 21 जूनला कोर्दोबात ऑस्ट्रियाने 3-2 ने हरवलं. ऑस्ट्रियात त्या विजयाचा सण झाला. जर्मनीत नाचक्की. शोनचा तो शेवटचा सामना.

जाण्याआधी गायक उडो युर्गेन्सने या टोपीवाल्या माणसाच्या निरोपाचं गाणं गायलं होतं. प्रशिक्षकावर निरोपाचं गाणं निघावं इतका तो लोकांना जवळचा होता, आणि त्याच लोकांनी चौदा वर्षं त्याला कमकुवतही म्हटलं. हिशेब मात्र असा: 139 सामने, 87 विजय. वर्ल्ड कपमध्ये 25 सामने, 16 विजय. एकदा विजेता, एकदा उपविजेता, एकदा तिसरा. युरोपियन स्पर्धा आणि वर्ल्ड कप, दोन्ही जिंकणारा तो जगातला पहिला प्रशिक्षक. त्याच्यानंतर हे साधायला स्पेनच्या व्हिसेंते देल बोस्केला 2012 उजाडावं लागलं.

दुसऱ्यांदा न झालेला सामना

हॅम्बुर्गचा नायक स्पारवासर जानेवारी 1988 मध्ये माजी खेळाडूंच्या एका स्पर्धेसाठी पश्चिमेत आला आणि परत गेलाच नाही. ती स्पर्धा होती झारब्रुकेनला, म्हणजे जिथे शोनने त्या चिमुकल्या देशाचा संघ बांधला होता त्या झारलांडच्या राजधानीत. पूर्व जर्मनीच्या सगळ्यात गाजलेल्या गोलाचा मालकही शेवटी शोनच्याच वाटेने गेला.

पुढच्याच वर्षी भिंत पडली. 1992 च्या युरोपियन स्पर्धेच्या पात्रता फेरीत दोन्ही जर्मनी पुन्हा एकाच गटात आल्या होत्या, पण तो सामना व्हायच्या आत एक देशच उरला नाही. एकीकरणानंतर लायपझिगला दोन्ही संघांचा एक मैत्रीचा सामना ठरला होता, तो प्रेक्षकांच्या हिंसाचाराच्या भीतीने रद्द झाला. त्यामुळे निकाल कायमचा तोच राहिला: पूर्व जर्मनी 1, पश्चिम जर्मनी 0.

शोनला अखेरच्या वर्षांत अल्झायमरने गाठलं. 23 फेब्रुवारी 1996 ला व्हीसबाडेनमध्ये तो वारला, वय 80.

सप्टेंबर 1990 मध्ये पूर्व जर्मनीचा संघ आपला शेवटचा सामना बेल्जियमशी खेळला आणि 2-0 ने जिंकला. दोन्ही गोल माथियास झामरचे. तीन महिन्यांनी हाच झामर एकत्र जर्मनीकडून खेळलेला पूर्वेचा पहिला खेळाडू ठरला. शोन गेल्यानंतर चार महिन्यांनी, 30 जून 1996 ला, त्या एकत्र जर्मनीने युरोपियन स्पर्धा जिंकली. मैदान वेम्बली, तीस वर्षांपूर्वी शोन जिथे हरला होता तेच. बेकेनबाउरच्या जुन्या जागेवरून, बचावातून उठून पुढे जात, झामर त्या संघाचा खेळ चालवत होता आणि वर्षाच्या शेवटी तो युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

झामरचं गाव ड्रेस्डेन.